फायलींना कुलूप, ईमेलला सही: एका अनुवादिकेचा वर्षभराचा अनुभव

मी पुण्यात राहते आणि मराठी-इंग्रजी कागदपत्रांचे जर्मन अनुवाद करते. जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, विवाह नोंदणीची प्रमाणपत्रं, घटस्फोटाचे हुकूमनामे, दत्तकाचे आदेश, कधी आजारपणाच्या फायली. बरंचसं काम जर्मनीतल्या एका वकिली कार्यालयाकडून येतं. जून २०२४ मध्ये त्यांचं पत्र आलं. सप्टेंबरपासून अशिलांची कुठलीही कागदपत्रं साध्या ईमेलने पाठवणार नाही आणि घेणारही नाही. मेल ओपनपीजीपी या खुल्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे जिच्यासाठी आहे त्यालाच उघडता येईल अशी कुलूपबंद, हवी आणि तिच्यावर पाठवणाऱ्याची डिजिटल सही हवी. सोबत त्यांची सार्वजनिक किल्ली (अशी मेल बंद करायला लागणारी फाइल) जोडलेली होती आणि माझी मागितली होती.

कारणंही त्यांनी नीट कळवली होती. जर्मन दंडसंहितेच्या कलम २०३ प्रमाणे वकिलाने किंवा डॉक्टरने अशिलाचं गुपित बाहेर जाऊ देणं हा गुन्हा आहे, आणि त्यांच्यासाठी काम करणारी बाहेरची माणसंही त्यात येतात. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं कलम ३२ सुरक्षेच्या उपायांमध्ये एन्क्रिप्शनचं नावच घेतं. तिसरं कारण मला सगळ्यात पटलं. त्यांच्या दुसऱ्या एका अनुवादकाच्या नावाने "माझं बँक खातं बदललं आहे, यापुढचे पैसे इथे पाठवा" अशी बनावट मेल त्यांना आली होती. हिशेबाच्या बाईंनी फोन करून विचारलं म्हणून पैसे वाचले.

मी भाषेची माणूस आहे, संगणकाची नाही. पत्र वाचून पहिले काही दिवस पोटात गोळा आला होता. आता हे सगळं रोजच्या कामाचा भाग झालंय. दुसरा कोणी अनुवादक, वकील, सीए किंवा समुपदेशक याच पायरीशी अडला असेल, तर त्याच्यासाठी घडलं तसं लिहिते.

सुरुवातीला मला वाटलं, आपल्याकडे डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, मिळते, तीच घ्यावी. सीए लोक यूएसबी टोकन लावून कंपनीची विवरणपत्रं भरतात, कंत्राटदार ई-निविदा भरतात, तीच ती. चौकशी केली. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली परवाना मिळालेल्या संस्था ही प्रमाणपत्रं देतात. १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ बंद झालं, आता व्यक्तींना क्लास ३ घ्यावं लागतं. पॅन, आधार, मोबाइलवर ओटीपी, कॅमेऱ्यासमोर छोटं रेकॉर्डिंग, मग टोकन. दोन वर्षांच्या प्रमाणपत्राला टोकन धरून मला दीड-दोन हजार रुपये सांगितले. सहीचं प्रमाणपत्र वेगळं आणि एन्क्रिप्शनचं वेगळं, दोन्ही हवी असतील तर पैसे जास्त.

पण माझ्या कामाला ती लागू पडत नव्हती. भारताचं जे मूळ प्रमाणपत्र या सगळ्या डीएससींच्या वर असतं, ते थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमच्या किंवा फायरफॉक्सच्या विश्वासू यादीत नाही. त्यामुळे जर्मनीत माझी सही उघडली की "अनोळखी" असाच शेरा येणार. आणि मुळात त्यांना ओपनपीजीपी हवं होतं. उलट बाजूही सांगते: ओपनपीजीपीची सही आपल्या सरकारी पोर्टलवर चालत नाही. तिथे परवानाधारक संस्थेचंच प्रमाणपत्र लागतं. दोन कामं वेगळी आहेत, एकाने दुसरं भागत नाही.

भावाने विचारलं, "ताई, हे असं गुप्त लिहिणं आपल्याकडे कायद्यात बसतं ना?" बसतं. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला होता. त्यात सामान्य माणसानेही एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची साधी प्रत ९० दिवस सांभाळावी, असं होतं. टीका झाली आणि तो मसुदा काही दिवसांत मागे घेतला गेला. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली अधिकृत यंत्रणा मजकूर उलगडून मागू शकते आणि नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे माहीत असलेलं बरं.

जुलैमध्ये कामाला लागले. मेलच्या आधी लॅपटॉपकडे वळले, आणि हा क्रम मी सगळ्यांना सुचवेन. मेल कितीही पक्की केली तरी तीच कागदपत्रं डिस्कवर उघडी पडलेली असतात. लॅपटॉप रिक्षात राहिला तर ज्याच्या हाती पडेल तो ती वाचेल. माझ्याकडे विंडोज ११ होम आहे. त्यात सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" नावाची सोय होती, ती चालू केली. प्रो आवृत्तीत ती बिटलॉकर नावाने येते आणि मॅकवर फाइलव्हॉल्ट. चालू केल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मिळते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आपोआप साठते, पण मी ती छापूनही ठेवली. मदरबोर्ड बदलला, किंवा एखाद्या अपडेटनंतर लॅपटॉप अडून बसला, तर ती मागितली जाते, आणि त्या वेळी ती त्याच लॅपटॉपमध्ये असून काही उपयोग नसतो.

मग पासफ्रेज, म्हणजे अनेक शब्दांचा लांब पासवर्ड. यात मी एक संध्याकाळ घालवली आणि ती सार्थकी लागली असं मला वाटतं. खासगी किल्लीची (जिने आपल्याला आलेली मेल उघडते तिची) फाइल चोरीला गेली तरी पासफ्रेजशिवाय ती निरुपयोगी असते, म्हणजे शेवटची भिंत हीच. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेली डाइसवेअर पद्धत मी घेतली. फासा पाच वेळा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांसमोरचा शब्द यादीतून घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द असतात, कारण सहाचा पाचवा घात तेवढाच. असे सहा शब्द घेतले की अंदाजाने तो पासफ्रेज शोधणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर जातं. फासा घरातल्या सापशिडीच्या खोक्यातला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१६ मध्ये सोप्या शब्दांची यादी केली आहे, ती घेतली.

मराठी माणसाला पहिला मोह होतो तो अभंगाची, आरतीची किंवा शाळेतल्या कवितेची ओळ घेण्याचा. पाठ असते, लांब असते. पण जे पुस्तकात छापलंय ते पासवर्ड फोडणाऱ्याच्या यादीतही असू शकतं. दुसरा मोह देवनागरीत लिहिण्याचा. तो मी कामाच्या अनुभवावरून टाळला. "वाऱ्यावर" मधला ऱ्य संगणकात एकाहून जास्त तऱ्हांनी साठवला जातो. इनस्क्रिप्ट कळफलकावर एक, फोनेटिकवर दुसरा. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण पासफ्रेज तपासणाऱ्या प्रोग्रॅमला वेगळे. मराठी शब्द हवेच असतील तर ते रोमन लिपीत लिहावेत.

नंतर विंडोजवर ओपनपीजीपी चालवणारा जीपीजीफोरविन हा संच उतरवून घेतला. पान उघडलं की देणगी विचारतात, शून्य निवडूनही पुढे जाता येतं. मी दहा युरो दिले, कारण यापुढे माझी रोजीरोटी त्यावर असणार होती. या पुडक्यात ग्नूपीजी हा मूळ प्रोग्रॅम असतो, जो वेर्नर कोख १९९७ पासून लिहीत आले आहेत, आणि क्लिओपात्रा नावाची खिडकी, जिच्यातून सगळं माउसने करता येतं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागल्या नाहीत.

किल्ल्यांबद्दल एवढं समजलं की पुरतं. सार्वजनिक किल्लीने फक्त बंद करता येतं, उघडायला खासगी किल्लीच लागते. सहीचं उलटं: खासगी किल्लीने सही होते आणि ती खरी आहे का, हे सार्वजनिक किल्लीने कोणीही तपासतं. म्हणजे मला कोणी एन्क्रिप्ट करून पाठवणार असेल तर त्याला माझी सार्वजनिक किल्ली लागते, आणि मी त्याला पाठवणार असेन तर मला त्याची. एन्क्रिप्ट केलेली मेल सही केलेली असेलच असं नाही. माझी सार्वजनिक किल्ली ज्याच्याकडे आहे असा कोणताही तोतया मला एन्क्रिप्ट केलेली मेल पाठवू शकतो. कुलूप आहे म्हणून पत्र ओळखीच्या माणसाचंच, असं समजू नये. बँक खातं बदलल्याच्या बनावट मेलपासून वाचवते ती सही.

किल्ली करायला काही मिनिटं लागली. नाव आणि ईमेल, बस. तिथे पदव्या, फोन नंबर वगैरे घालू नये, कारण तो भाग सार्वजनिक होतो. मुदत मी एक वर्षाची ठेवली. मुदत संपली म्हणजे किल्ली मेली असं नसतं, खासगी किल्ली हातात असेपर्यंत मुदत कधीही वाढवता येते. आणि किल्ली कधी हरवली तर जुनी सार्वजनिक किल्ली जगात कायमची जिवंत राहत नाही. वर्षातून एकदा तिच्याकडे लक्ष द्यावंच लागतं, हाही फायदाच.

त्याच दिवशी तीन गोष्टी करून टाकल्या. पहिली, खासगी किल्लीचा बॅकअप घेऊन तो दोन पेनड्राइव्हवर ठेवला (दोन्हींचे मिळून आठशेच्या आसपास रुपये झाले, या सगळ्या प्रकरणातला एवढाच सक्तीचा खर्च). दुसरी, रिव्होकेशन सर्टिफिकेट. किल्ली चोरीला गेली तर "ही आता वापरू नका" असं जगाला सांगणारी ती फाइल. ग्नूपीजी ती किल्लीबरोबरच तयार करून ओपनपीजीपी-रेव्होक्स नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. चुकून वापरली जाऊ नये म्हणून तिच्या सुरुवातीच्या ओळीत एक अपूर्णविराम मुद्दाम टाकलेला असतो, वापरायच्या वेळी तो काढावा लागतो. मी ती छापून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. तिसरी गोष्ट घरातली. पासफ्रेज एका कागदावर लिहून तो बंद पाकिटात बहिणीकडे दिला. एक पेनड्राइव्ह माझ्याकडे, दुसरा लॉकरमध्ये. माझं काही बरंवाईट झालं तर अशिलांची अर्धवट कामं कोणालातरी उघडता यायला हवीत. बहीण म्हणाली, "असं अभद्र बोलू नकोस," आणि पाकीट कपाटात ठेवलं.

मेलसाठी थंडरबर्ड घेतलं. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी त्यात अंगचंच आहे, आधी त्यासाठी एनिगमेल नावाची जोडणी लागायची. एक गोष्ट मात्र कळायला वेळ लागतो. थंडरबर्ड आपल्या किल्ल्या स्वतःकडे वेगळ्या ठेवतं, क्लिओपात्रातल्या त्याला आपोआप दिसत नाहीत. म्हणून क्लिओपात्रातून बॅकअप घेतलेली खासगी किल्ली थंडरबर्डमध्ये आयात करावी लागते. त्यानंतर सेटिंग्जमध्ये प्रायमरी पासवर्ड लावणं फार गरजेचं आहे. तो नसेल तर ज्याने तुमचा लॅपटॉप उघडा पाहिला तो तुमच्या नावाने सही करू शकतो. दूरची चित्रं आपोआप न उघडण्याची सोय मुळात चालूच असते, ती तशीच ठेवा. २०१८ मध्ये ईफेल नावाने जाहीर झालेल्या त्रुटीत एचटीएमएल मेलमधल्या अशाच दूरच्या दुव्यांवाटे उलगडलेला मजकूर बाहेर काढता येत होता. मी मेल साध्या मजकुरातच वाचते आणि लिहिते.

मग माझी सार्वजनिक किल्ली कीज-डॉट-ओपनपीजीपी-डॉट-ओआरजी या सर्व्हरवर चढवली. २०१९ मध्ये सुरू झालेला हा सर्व्हर तुमच्या पत्त्यावर पडताळणीची मेल पाठवतो, आणि तिच्यातल्या दुव्यावर टिचकी मारल्यावरच पत्त्यावरून शोधणाऱ्याला तुमची किल्ली सापडते. जुन्या सर्व्हरांवर कोणीही कोणाच्याही नावाची किल्ली टाकू शकायचा आणि टाकलेलं काही काढता येत नसे. त्याच वर्षी काही जणांच्या किल्ल्यांवर हजारो निरर्थक सह्या लादून त्या वापरायला अशक्य करून टाकल्या होत्या. त्यामुळे नवा सर्व्हरच बरा.

ऑगस्टमध्ये आला या सगळ्यातला माझा आवडता टप्पा: फिंगरप्रिंट पडताळणं. त्या कार्यालयाची किल्ली मला मेलने आली होती. पण ती मेल खरंच त्यांचीच कशावरून? मध्ये कोणी आपली किल्ली घुसवली असेल तर मी मोठ्या निष्ठेने सगळी कागदपत्रं त्याच्यासाठी एन्क्रिप्ट करत बसेन. म्हणून प्रत्येक किल्लीचा ठसा असतो, चाळीस चिन्हांचा, चार-चारच्या दहा गटांत लिहिलेला. त्यात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. हा ठसा मेलबाहेरच्या मार्गाने जुळवायचा. फोन नंबरही त्या मेलच्या तळाशी दिलेला घ्यायचा नाही. मी माझ्या जुन्या कराराच्या कागदावरचा घेतला.

उन्हाळ्यात जर्मनी आपल्याहून साडेतीन तास मागे असते. आपल्या दुपारच्या साडेबाराला, तिकडे नऊ वाजता, फोन लावला. कार्यालयातल्या सहायक बाई माझ्या आईच्या वयाच्या असाव्यात. त्यांनी ठसा वाचायला घेतला: आंटोन, चार, सात, फ्रीडरिश. जर्मनीत फोनवर अक्षर सांगायची ही जुनी रीत, आंटोन म्हणजे ए, बेर्टा बी, त्सेझार सी, डोरा डी, एमिल ई, फ्रीडरिश एफ. २०२२ मध्ये त्यांच्या मानक संस्थेने शहरांच्या नावांची नवी यादी काढली, आखेन, बर्लिन, केम्निट्झ अशी, पण बाई जुन्याच नावांवर ठाम होत्या. "त्स्वाय" आणि "द्राय" फोनवर सारखे ऐकू येतात म्हणून दोनला "त्स्वो" म्हणाल्या. वर्गात शिकलेली ही गोष्ट मी पहिल्यांदाच खऱ्या कामात ऐकली. मग मी माझा ठसा वाचला, त्या प्रत्येक गटानंतर "श्टिम्ट", बरोबर, म्हणत गेल्या. शेवटचा गट जुळला तेव्हा दोघींनाही हायसं वाटलं. ज्या बाईंशी मी इतकी वर्षं फक्त मेलवर बोलत होते त्यांचा आवाज मी त्या दिवशी ऐकला. थंडरबर्डमध्ये त्यांच्या किल्लीसमोर "मी स्वतः पडताळली आहे" हा पर्याय निवडला. तिथे "पडताळली नाही पण स्वीकारते" असाही एक पर्याय आहे. दत्तकाच्या कागदांसाठी तो मला पुरेसा वाटत नाही.

खरं काम सुरू झाल्यावर बारीकसारीक गोष्टी कळत गेल्या. लिहायला सुरुवात करण्याआधीच एन्क्रिप्टचं बटण दाबावं, म्हणजे मसुदाही एन्क्रिप्ट होऊनच साठतो. थंडरबर्ड विषयाची ओळही झाकतं, बाहेरून फक्त तीन टिंबं दिसतात. पण सगळे प्रोग्रॅम असं करत नाहीत, आणि उत्तर देताना विषय उघडा पडू शकतो. म्हणून विषयात मी फक्त प्रकरण क्रमांक घालते, नाव नाही. कोणी कोणाला कधी लिहिलं हे मात्र झाकलं जात नाही, ते टपाल खात्याला दिसतं तसं मेल सेवेला दिसतंच. जीमेलची मर्यादा २५ एमबीची, आणि जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे स्कॅन अठरा एमबीच्या आत ठेवले की अडत नाही. एन्क्रिप्ट केलेल्या मेलच्या आतला मजकूर शोधता येत नाही, म्हणून प्रकरणांची एक साधी वही मी बाजूला ठेवलीय: तारीख, क्रमांक, कोणाची मेल.

फायली वेगळ्या ठेवायच्या तर क्लिओपात्रा बसवल्यावर उजव्या टिचकीच्या यादीतच "साइन अँड एन्क्रिप्ट" येतं. पूर्ण फोल्डर निवडला तर त्याची एक टार फाइल होऊन ती एन्क्रिप्ट होते. तिथे "माझ्यासाठीही एन्क्रिप्ट करा" हा चौकोन टिक केलेला हवा, नाहीतर आपण पाठवलेलं आपल्यालाच उघडता येत नाही. आणि एन्क्रिप्ट केल्यावर मूळ फाइल तशीच शेजारी पडून असते, ती आपण पुसायची. आजकालच्या एसएसडी डिस्कवर पुसलेलं खरंच पुसलं गेलं की नाही याची खात्री देता येत नाही, म्हणूनच पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन आधी करायला सांगितलं. चालू प्रकरणं मी व्हेराक्रिप्ट या प्रोग्रॅमच्या एका कंटेनरमध्ये, म्हणजे पासवर्डने उघडणाऱ्या एका बंद फाइलमध्ये, ठेवते. सकाळी उघडला की वेगळ्या ड्राइव्हसारखा दिसतो, संध्याकाळी बंद. बनवताना माउस खिडकीत वेडावाकडा फिरवायला सांगतात, तो थोडा वेळ खरंच फिरवावा, त्यातून यादृच्छिक आकडे मिळतात. कंटेनरची फाइल पेनड्राइव्हवर न्यायची असेल आणि ती चार जीबीहून मोठी असेल, तर पेनड्राइव्ह फॅट३२ चा चालत नाही.

लोकांचा प्रतिसाद हा वेगळाच अनुभव. मी सगळ्याच मेलवर सही करायला लागले तेव्हा इथल्या मंडळींना प्रत्येक मेलसोबत एक अनोळखी छोटी जोडणी दिसू लागली. आमचे सीए काका फोन करून म्हणाले, "अगं, तुझ्या मेलला काहीतरी चिकटून येतंय, व्हायरस तर नाही ना?" काकांना समजावलं, त्यांना पटलं. पण शंभर जणांना समजावणं शक्य नाही. म्हणून आता ज्यांच्याकडे ओपनपीजीपी आहे त्यांनाच सही जाते, आणि पैशांविषयीची प्रत्येक मेल, मग ती कोणालाही असो, सहीनेच जाते. एका कंपनीकडून मात्र वारंवार तक्रार यायची की माझी सही "अवैध" दिसते. त्यांचा मेल सर्व्हर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मेलमध्ये स्वतःची सावधगिरीची ओळ घालत होता. मजकुरात एक अक्षर बदललं तरी सही मोडते, तिचं कामच ते. त्यांच्या तंत्र विभागाने माझा पत्ता त्या नियमातून वगळला तेव्हा कुठे ठीक झालं, आणि त्यात कित्येक आठवडे गेले. दुसरीकडे एकाने माझ्या एन्क्रिप्ट केलेल्या मेलला खालचा सगळा मजकूर तसाच ठेवून उघड्या मेलने उत्तर पाठवलं. तेव्हापासून पहिल्याच मेलमध्ये मी एक ओळ लिहिते: कृपया उत्तर देतानाही कुलपाचं चिन्ह पाहा.

सगळ्यात जास्त विचार मला इथल्या अशिलांसाठी करावा लागला. सातारा, लातूर, गडहिंग्लज इथले आईबाप मुलांच्या जर्मनीतल्या कामासाठी कागद पाठवतात. त्यांना ओपनपीजीपी बसवायला सांगणं म्हणजे काम नको म्हणण्यासारखंच. बरेच जण झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून दुकानदाराच्याच मेलवरून पाठवतात. म्हणजे मुलीचा जन्मदाखला आणि सुनेच्या घटस्फोटाचा हुकूमनामा त्या दुकानाच्या "सेंट" मध्ये कायमचा. आता मी त्यांना फोनवरच सांगते, "काका, दुकानात स्कॅन केलंत तर आपल्या पेनड्राइव्हवर घ्या, आणि त्यांच्या संगणकावरून पुसायला लावा. आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात."

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. जन्मदाखला त्याच मेलला जोडलेला असेल तर पासवर्डही त्याच मेलमध्ये आला. म्हणून मी अनुवाद परत पाठवताना सेव्हन-झिप (फायली पासवर्ड लावून एकत्र बांधणारा प्रोग्रॅम) वापरते: प्रकार सेव्हन-झेड, पद्धत एईएस-२५६, आणि "फाइलींची नावंही एन्क्रिप्ट करा" हा चौकोन टिक केलेला. तो नसेल तर फाइल उघडता नाही आली तरी आतल्या नावांची यादी दिसते, आणि "घटस्फोट" हे नावच पुरेसं बोलकं असतं. साधा झिप प्रकार निवडला तर जुनी, कच्ची झिपक्रिप्टो पद्धत लागू शकते, ती टाळा. पासवर्ड मी फोनवर सांगते, मेलमध्ये किंवा त्याच व्हॉट्सअॅपवर कधीच नाही. चार साधे शब्द, समोरच्याला लिहून घेता येतील असे. अँड्रॉइड फोनवर झेडआर्काइव्हरमध्ये ती फाइल उघडते, आणि नातवंडं असतील तर पाच मिनिटांत काम होतं. फोनवर मी माझी खासगी किल्ली मात्र ठेवलेली नाही. प्रवासात कार्यालयाची मेल आली तर ती घरी येईपर्यंत बंद राहते, आणि कार्यालयाला तसं सांगून ठेवलंय.

जुलै २०२५ मध्ये मुदत संपत आली. क्लिओपात्रात किल्लीच्या तपशिलात तारीख बदलली, या वेळी दोन वर्षं पुढे नेली. ठसा तोच राहतो, म्हणून पुन्हा फोनवर वाचायची गरज नसते. पण बदललेली किल्ली थंडरबर्डमध्ये परत आयात करावी लागते, सर्व्हरवर परत चढवावी लागते आणि नेहमीच्या लोकांना कळवावं लागतं, कारण त्यांच्याकडच्या जुन्या प्रतीत जुनीच तारीख असते. संपायच्या महिनाभर आधीची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये लावून ठेवा.

त्याच सुमारास लॅपटॉपही बदलला. लॉकरमधला पेनड्राइव्ह आणला, नव्या यंत्रावर किल्ली घातली, पासफ्रेज टाइप केला आणि गेल्या ऑगस्टमधली पहिली मेल उघडून पाहिली. उघडली. बॅकअप आहे म्हणणं आणि बॅकअपमधून परत आणून पाहणं यात फार अंतर आहे. नवा लॅपटॉप घेईपर्यंत थांबू नका, एखाद्या रविवारी दुसऱ्या संगणकावर करून बघा. आणि पुढे कधी नवी किल्ली केलीत तरी जुनी खासगी किल्ली टाकून देऊ नका, मुदत संपलेली असली तरी. जुन्या मेल तिच्याशिवाय कधीच उघडणार नाहीत.

कार्यालयाने आता त्यांच्या पुण्या-मुंबईच्या इतर अनुवादकांनाही हेच बंधन घातलं आहे, आणि त्यांतल्या काही जणी मला फोन करतात. ठसा जुळवायला दुपारी साडेबाराच्या पुढे लावा, असं मी त्यांना सांगते, हिवाळा असेल तर दीडच्या पुढे. आणि अक्षरं जुन्या नावांनी म्हणायची तयारी ठेवा, बाई अजून त्याच आहेत.